बोटभर आत लिहिलेली ओळ

मुंडेलकोडी, १२ जून २०२३

चि. प्रख्यातास,

पत्र बघून हसू नकोस. लवीनाच्या झेरॉक्सच्या दुकानात फोन आहे आणि तुझा नंबरही आहे. पण फोनवर तू नुसता 'हं, हं' म्हणतोस आणि तुझी बोटं भलतीकडंच टकटकत असतात, ती मला इथं ऐकू येतात. कागदाला तरी दोन मिनिटं तोंड द्यावं लागेल. लहानपणी 'तम्मले, तम्मले' करत माझ्या मागं गोठ्यापर्यंत यायचास. बेंगळूरची हवा लागली आणि तम्मलेचा 'मामा' झाला. चालायचंच, आमची तुळू शहरात अंगाला घट्ट होत असेल.

मुद्द्याचं लिहितो. हंगाम मिटवणारी पत्तनाजे झाली, देवीच्या मेळ्यानं घुंगरं उतरवली, आता दिवाळीपर्यंत यक्षगान बंद. देवळाचे नवे मोक्तेसर बल्लाळ यांना या फुरसतीत एक खूळ लागलं आहे. नवसाच्या खेळांची यादी कॉम्प्युटरवर हवी. मला म्हणाले, "रायरे, तुमच्या वह्या म्हणजे वाळवीचं जेवण." मी म्हटलं, "वाळवीनं निदान उघडून बघितल्या. तुम्ही कुठं बघितल्यात?" विश्वस्तपदाची शाल अंगावर आली की माणसाला वाटतं, अक्कलही घडी घालून तिच्यातच आली.

यादी तुला माहीत असेल, नसेलही. देवीला नवस बोलणाऱ्याचं नाव, घर आणि गाव मी एका ओळीत लिहितो. पाळी आली की कार्ड जातं आणि मेळा त्याच्या अंगणात येऊन खेळ करतो. आज ओळ लिहिली तर सात वर्षांनी पाळी येते. एकतीस वर्षं हे काम माझ्या हातानं चाललं आहे. लवीनानं सगळ्या वह्या, पहिल्या पानापासून, टाईप केल्या. "अंकल, जसं दिसतं तसं मारते, माझं डोकं लावत नाही," असं म्हणाली. असं बोलणारं माणूस मला वर्षानुवर्षांत भेटलेलं नाही. सोबतच्या पेन ड्राईव्हमध्ये तिचं काम आहे.

आता हे तुलाच का, तर आपली रीत. आपल्यात बापाचं पोराकडं जात नाही, मामाचं भाच्याकडं जातं. सुपारीची बाग तुला नको आहे, भात नको आहे, घर तर बघायलाही येत नाहीस. उरली ही यादी. बल्लाळांना काय हवं ते करून दे, पण घाई करू नकोस. यंदाच्या ओळी तरी सावकाश बघ.

तुझा,
त्यांपण्ण राय

—

बेंगळूर, २६ जून २०२३

मामा,

पत्र ऑफिसात पोचलं. खाली रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, "कोर्टाचं आहे का?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

तुमची एकतीस वर्षं माझा चहा गार व्हायच्या आत आटोपली. हे काम तुम्हाला इतकं मोठं का वाटतं हे बघून मजा वाटली, म्हणून जरा समजावून सांगतो. पायथन नावाची भाषा आहे. ती फाईल उघडते आणि प्रत्येक ओळ सुटी करून रांगेत उभी करते. मग रांगेला एकदाच हुकूम सोडायचा, सगळ्या ओळी तो पाळतात. शेवटी बरोबरची खूण असलेल्या ओळी म्हणजे झालेले खेळ, त्या बाजूला. मग दोन्ही कडांची मोकळी जागा झाडून टाकली. शेकडो ओळींच्या सुरुवातीला तुम्ही उगाच जागा सोडली आहे, वही तिरकी धरून लिहिता का? मधूनमधून कोऱ्या ओळी होत्या, त्या फेकल्या. लवीनाबाईंनी तर तुम्ही खोडलेलंसुद्धा पुढं आडवी रेघ देऊन टाईप केलं आहे. डोकं लावत नाही म्हणाल्या ते खरंच दिसतं. ते फेकलं. तीच ओळ दुसऱ्यांदा आली तर दुसरी फेकली. उरलेल्या 'अ'पासून नावांच्या क्रमानं लावल्या. मोजून सहा ओळींचा प्रोग्राम झाला.

पावणेसात हजार ओळी आत गेल्या, अकराशे बाहेर आल्या. शेकडो वेळा तुम्ही उगाच शाई घालवलीत. आणि गंमत म्हणजे मी त्यातली एकही ओळ वाचली नाही. वाचावी लागत नाही, यालाच आमच्यात काम म्हणतात. यंदाच्या ओळी सावकाश बघ म्हणालात, पण त्या बघण्यासारखं त्यांच्यात काय आहे? नाव, घर, गाव.

खरं सांगू का? माणसं सात-सात वर्षं थांबतात, कशासाठी, तर किरीट चढवलेला कुणी गडी आपल्या अंगणात येऊन ओरडावा म्हणून. इथं लिफ्ट अर्धा मिनिट आली नाही तर लोक तक्रार लिहितात. तुमच्याकडं वेळ फुकट मिळतो आणि त्याची किंमतही तेवढीच आहे.

यादी बल्लाळांना थेट मेल केली. त्यांचं 'सुपर' असं उत्तर आलं. रीत पुरी झाली, असं समजतो.

प्रख्यात

—

मुंडेलकोडी, ९ जुलै २०२३

प्रख्याता,

उथळ पाण्याला खळखळाट फार. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा भीती वाटली. रागाचं सोड.

तुझी भाषा अजगराच्या नावाची आहे, असं लवीना म्हणाली. अजगर चावत नाही, गिळतो. त्यामुळं पोटात काय गेलं याची चव त्याला कळत नाही. मला एवढंच सांग, फेकलेल्या ओळी ठेवल्यास कुठं? की खरंच फेकल्यास? कोरी ओळ मी हौसेनं सोडत नाही, आणि वही तिरकी धरायला मी अजून इतका म्हातारा झालेलो नाही. नवी यादी कागदावर छापून पाठव. बल्लाळांकडं मागितली तर म्हणतात, "ती आता मशीनमध्ये आहे, बघायचं काय त्यात?" नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात, या गृहस्थांनी अंगणच मशीनमध्ये घातलं आहे.

उत्तर लगेच टाक.

त्यांपण्ण राय

ता. क. गावात चिकनगुनिया आला आहे. माझ्याकडं अजून फिरकला नाही. त्याला तुझ्यापेक्षा समज आहे.

—

मुंडेलकोडी, १४ ऑक्टोबर २०२३

प्रख्यात,

तीन महिन्यांत तुझी एक ओळ नाही आणि त्यातले दोन महिने मी अंथरुणात. चिकनगुनियाला समज आहे, हे मी उगाच लिहिलं होतं. काल काठी टेकत देवळात गेलो तेव्हा तुझ्या यादीवरून वीस कार्डं गेलेली होती.

त्या वीस घरांची नावं ऐक. अच्युत भट, अच्युत शेट्टी, अणप्पा, अप्पी, अप्पू. सगळा 'अ'. या अच्युत शेट्टीनं गेल्या पौषात ओळ लिहवली होती, वर्ष उलटायच्या आत त्याची पाळी आली. आता तो गावात सांगत फिरतो की माझी भक्तीच तशी. विसांतला एकही यंदाचा नव्हता.

अंतप्पा गौडालाही कार्ड गेलं. त्याला जाऊन चार वर्षं झाली. 'आपण अंगण तयार ठेवावे' असं छापील कार्ड त्याच्या बायकोच्या हातात पडलं. ती ते घेऊन देवळात आली आणि बल्लाळांना म्हणाली, "हे इकडं आलेत का? मला न भेटता?" बल्लाळ मशीनकडं बोट दाखवून मोकळे झाले.

तू फेकलेला कचरा काय होता ते आता ऐकून घे. तुला विचारायची गरज वाटली नाही आणि मला सांगायची वाटली नाही, कारण मुंडेलकोडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एक म्हणजे, ओळ जिथं आहे तीच तिची पाळी. तिला नंबर नाही, तारीख नाही, वरचीनंतर खालची. दुसरं, कोरी ओळ म्हणजे तिथं एक हंगाम संपतो. तिसरं, तीच ओळ दोनदा असेल तर दोन नवस आहेत. नवस कुणासाठी आहे ते मी लिहीत नाही, ते देवीला ठाऊक, वहीला कशाला.

आणि चौथं, ज्याला तू तिरकी वही म्हणालास. मी पेन्सिलनं लिहितो. नवस बोललेला माणूस वारला की त्याची ओळ पुसून तिथंच बोटभर आत लिहितो. माणूस मरतो, नवस मरत नाही. बोटभर आतल्या ओळीची पाळी आली की आधी वारसाला विचारायचं: खेळ घेतोस, थांबतोस, की कुणाला पुढं जाऊ देतोस? वारस म्हणेल ते खरं, मोक्तेसरांनाही त्यात बोलायला जागा नाही. विचारल्याशिवाय कार्ड टाकायचं नाही. तू एका हुकुमात सगळे मेलेले जिवंत केलेस. देवालाही जमत नाही ते.

वारिजा पूजार्ती माझ्या समोरच ऑफिसात आली. एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या दोन ओळी होत्या, एकाखाली एक, दोन मुलगे म्हणून दोन नवस. दोन्ही यंदाच्या. तुझ्या यादीत तिची एकच ओळ सापडली, तीही 'व'मध्ये, सगळ्यांच्या शेवटी. कारकुनानं सात वर्षं सांगितली. तिनं एवढंच विचारलं, "माझी दोन पोरं होती. त्यातला कुठला कापलात?"

याचं उत्तर तू दे.

देवीच्या नावानं गेलेली कार्डं परत घेता येत नाहीत. बाकीची थांबवून धरली आहेत. बल्लाळांची शाल आता घामानं भिजली आहे. यादी जशीच्या तशी करून वीस नोव्हेंबरच्या आत पाठव.

त्यांपण्ण राय

—

बेंगळूर, ५ नोव्हेंबर २०२३

मामा,

आधी माझी बाजू. तुमच्या चार नियमांतला एकही कुठं लिहिलेला नव्हता. सगळं तुमच्या डोक्यात आणि तुमच्या बोटाच्या रुंदीत. बोटभर म्हणजे कुणाचं बोट? उद्या तुम्हाला काही झालं असतं तर मुंडेलकोडीच्या शेंबड्या पोरांना गोळा करून यादी वाचायची होती का? असल्या कामाला आमच्याकडं कुणी दारात उभं करणार नाही.

हे सगळं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, पण पत्र टाकलं नाही. कारण एक गोष्ट आहे जी तुम्हाला कळणार नाही असं समजून मी लपवू शकलो असतो. पायथनमध्ये ओळीच्या डाव्या कडेला सोडलेल्या जागेला अर्थ असतो. चार जागा आत लिहिलेली ओळ ही वरच्या ओळीच्या हाताखालची. तिथं एक जागा चुकली तर प्रोग्राम चालतच नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला हे शिकवलं आणि गेली आठ वर्षं मी नव्या पोरांना त्यावरून झापतो आहे. माझ्या सहा ओळींत मी ती जागा जपून सोडली, आणि त्याच सहा ओळींनी तुमची सगळी जागा पुसून टाकली. अंतप्पाच्या बायकोला हे काय सांगणार?

मूळ फाईल माझ्याकडं होती, त्यामुळं क्रम परत लावणं अवघड नव्हतं. या वेळी कडा झाडल्या नाहीत, काही फेकलं नाही, आणि यंदाच्या ओळी एक-एक करून वाचल्या. वीस आगंतुक 'अ' आत आल्यामुळं हंगाम संपवणारी कोरी ओळ वीस ओळी वर सरकवावी लागली. ती नेमकी वारिजाच्या दोन ओळींच्या मधे आली. एका मुलाचा खेळ यंदा, दुसऱ्याचा पुढच्या हंगामात.

आणि तिच्या लगेच वर, बोटभर आत, ही ओळ होती: सरोजिनी राय, बाळिके, मुंडेलकोडी.

आईनं नवस बोलला होता हे मला कुणीच सांगितलं नाही, तिनंही नाही. मी दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला: ज्या ओळीत 'सरोजिनी राय' आहे तेवढ्याच दाखव. पाच ओळी आल्या. पहिली तुमच्या पहिल्या वर्षातली, सन ब्याण्णव. आणि पाचांतल्या चार ओळींच्या पुढं लवीनाबाईंची आडवी रेघ. त्या बाईंबद्दल मी जे बोललो ते परत घेतो. त्यांनी डोकं लावलं असतं तर हे कधी दिसलंच नसतं.

आता तुम्ही उत्तर द्या. आईची पाळी चार वेळा आली आणि चारही वेळा तुम्ही ती खोडून यादीच्या तळाला टाकलीत. जागेवरून ओळ हलवली म्हणून मला तीन पानं सुनावलीत, आणि तुम्ही? माझ्या प्रोग्रामला निदान कळत नव्हतं तो कुणाला ढकलतो आहे. तुम्हाला कळत होतं. दोन हजार सोळात तिची पाळी होती, तेव्हा ती चालत-बोलत होती. दोन वर्षांनी गेली. देवीची यादी, देवीची यादी म्हणून जगाला तुच्छ लेखणारा माणूस सख्ख्या बहिणीची ओळ चार वेळा पुसतो. थू!

प्रख्यात

—

मुंडेलकोडी, १३ नोव्हेंबर २०२३

प्रख्यात,

पुसली नाही. खोडली. दोन्हींत फरक आहे. माणूस गेला तर पुसतो, ओळ हलवली तर रेघ मारतो आणि खालची अक्षरं दिसू देतो, कारण हलवलेलं लपवायचं नसतं. बाकी तू लिहिलंस ते सगळं खरं आहे.

अठ्ठ्याण्णवला सरोजिनीची पाळी आली तेव्हा एक गवंडी दारात येऊन बसला. बायको शेवटच्या दिवसांत, तिला डोळे मिटायच्या आत स्वतःच्या अंगणात खेळ बघायचा होता. त्याची ओळ तळाला. त्याला वर घ्यायचं तर कुणाला तरी खाली जायला हवं. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा मला काय अधिकार? आपल्याच घरची एक ओळ माझ्या हाताशी होती. सरोजिनीला विचारलं. ती भाकरीचं पीठ मळत होती, मान वर न करता म्हणाली, "दे की. माझं पोर धडधाकट आहे. देवीनं आपलं काम कधीच केलंय." दोन हजार चारला मेळ्यातलाच एक थकलेला नट आला, जन्मभर दुसऱ्यांच्या अंगणात नाचलेला. तेव्हाही विचारलं. तेव्हाही ती 'दे' म्हणाली.

दहा साली मी विचारलं नाही, देऊन टाकल्यावर सांगितलं. ती नुसती हसली. सोळा साली सांगितलंसुद्धा नाही. लोक मला न्यायी म्हणत होते, माझं नाव निघालं की हात जोडत होते, आणि त्या हात जोडण्याची मला गोडी लागली होती. परस्पर बहिणीच्या ताटातलं उचलून मी दानशूर होत होतो. जगात मी ज्यांची टर उडवली त्यांच्यातला कुणी इतका हलका नव्हता. बल्लाळही नव्हता.

पुत्तूरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं विचारलं, "अण्णा, आता माझ्या वर किती ओळी राहिल्या?" मी म्हटलं, "सात-आठ." नऊशे होत्या.

तुला नवस माहीत नाही कारण बोललेला नवस सांगत सुटलं की तो हलका होतो, असं ती मानायची. तू आठ महिन्यांचा होतास. ताप डोक्यात गेला होता, डोळे पांढरे झाले होते, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. माझ्या पहिल्या वहीतली ती अकरावी ओळ आहे. यंदाच्या ओळी सावकाश बघ म्हणालो ते यासाठी. मला वाटलं, नाव दिसलं की तू आपणहून विचारशील. मला तोंडानं सांगायची हिंमत नव्हती.

आता एकच मागतो. वारिजाचं मला माहीत आहे, पण या वेळी मला दिसत नाही असं समज. माझं वय चौऱ्याहत्तर, या तापानं गुडघे नेले. पुढच्या हंगामाचा भरवसा मी देत नाही. यंदा सरोजिनीचा खेळ बाळिकेच्या अंगणात होऊ दे. तू पुढं बस, मी मागं बसतो. एकदा तरी आपल्या घरासाठी अन्याय करू दे मला.

त्यांपण्ण राय

—

बेंगळूर, १८ नोव्हेंबर २०२३

मामा,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुमच्याबद्दलचं माझं मत सुधारलेलं नाही, तुम्ही स्वतःच ते माझ्यापेक्षा वाईट लिहून पाठवलं आहे. त्यात भर घालायला मला जागा उरली नाही.

यादी आज बल्लाळांना पाठवली. त्यांना मेलमध्ये लिहिलं आहे की ही लवीनाबाईंनी छापून, तुम्ही वाचून सही केल्याशिवाय एकही कार्ड टाकायचं नाही. उत्तरात 'सुपर' आलं तर मला फॉरवर्ड करू नये, हेही लिहिलं आहे. चारही नियम वरच्या पानावर लिहून ठेवले आहेत, बोटाच्या रुंदीसकट.

आता त्या ओळीचं. ओळ बोटभर आत आहे, म्हणजे आधी वारसाला विचारायचं. तुम्ही नियम लिहून दिलात आणि लगेच विसरलात. तुम्ही मला विचारलं नाहीत, तुम्ही मागितलंत. आईचा वारस तुम्ही नाही, मी आहे. बल्लाळांना विचारायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मीच मला विचारलं.

वारिजाच्या दोन्ही ओळी एकेक वर घेतल्या. कोरी ओळ आता तिच्या दुसऱ्या मुलानंतर येते, दोघांचेही खेळ यंदा. आई कोऱ्या ओळीच्या खाली, पुढच्या हंगामात सगळ्यांत वर. हे करायला प्रोग्राम लिहिला नाही. हातानं केलं. जुन्या जागी तिची ओळ तशीच ठेवून पुढं रेघ दिली आहे, कुणीही बघावी. नव्या जागी चार जागा मोजून आत लिहिली. मोजताना दोनदा चुकलो.

तुम्हाला राग येईल, येऊ दे. माझ्या सहा ओळींनी त्या बाईचा एक मुलगा कापला होता आणि तुम्ही मला उत्तर दे म्हणाला होतात. माझ्याकडं द्यायला एवढंच होतं. तुम्ही निदान दोन वेळा आईला विचारलं होतंत. मला तेही जमणार नाही, म्हणून रडलो, एवढं लिहितो आणि थांबतो.

पुढच्या महिन्यात सवड काढून येतो, तम्मले. गुडघे दाखवायला पुत्तूरला जाऊ. नाटकं करू नका.

प्रख्यात

—

मुंडेलकोडी, २७ मे २०२४

चि. प्रख्यात,

पत्तनाजे झाली, घुंगरं उतरली. गुडघ्याच्या गोळ्या घेतो आहे, त्यांची चव तुझ्या पहिल्या पत्रासारखी आहे.

वारिजाचे दोन्ही खेळ लागोपाठ झाले. पहिल्याला तिचा मुंबईचा मुलगा आला, दुसऱ्याला धाकटाही आला. तिनं दोघांना दोन बाजूंना बसवलं आणि त्यांच्या हातांना धरून मधे बसल्या बसल्या झोपी गेली. महिषासुर ओरडत आला तरी उठली नाही. सकाळी मला म्हणाली, "दोघं होते ना रे?" मी म्हटलं, "दोघं होते." तुझ्याबद्दल विचारत होती. मी सांगितलं की तो दीडशहाणा आहे. वरचा अर्धा हल्ली कमी झाला आहे, हे सांगितलं नाही, चढून बसशील.

पुढच्या हंगामाची यादी लवीनानं छापून दिली. पहिलं नाव सरोजिनीचं आहे. तुझ्या चार जागा आणि माझं बोट जुळतं का, ते पट्टी लावून बघितलं. केसाएवढा फरक आहे. राहू दे.

आता मुद्द्याचं. काल सकाळी कडब गावाहून एक माणूस आला. त्याच्या बापाला कुठलासा असाध्य रोग आहे, पावसाळा निघेल, पुढचं काही सांगता येत नाही. बापाला दिवाळीनंतर आपल्या अंगणात खेळ बघायचा आहे. ओळ कालच लिहिली, तळाला. तो माझ्या पायरीवर बसून राहिला. मी वही उघडली, पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली, आणि मग हात मागं घेतला. ती ओळ आता माझी नाही.

त्याला तुझा पत्ता दिला आहे. गुरुवारच्या बसनं निघतो म्हणाला. चहा तेवढा दे, आणि नाही म्हणायला जमतं का बघ. मला एकतीस वर्षांत जमलं नाही.

तुझा,
तम्मले